गॅस कंपनीला शिकवलेला धडा

१२ सप्टेंबर, शुक्रवार
वीज आणि गॅस देणाऱ्या कंपनीचा ईमेल. 'तुमच्या सोयीसाठी' दर महिन्याला खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, म्हणजे डायरेक्ट डेबिट, एकशे साठ युरोंवरून दोनशे पंचेचाळीस. सोय कोणाची, ते लिहिलेलं नाही. चित्रा म्हणाली, मी सोमवारी लंच ब्रेकमध्ये फोन करते. मी बायकोला थांबवलं. ती फार गोड बोलते. अशा ठिकाणी आवाजात वजन लागतं. मी ऑफिसात भलेभले व्हेंडर सरळ केलेत, डब्लिनमध्ये सँट्रीतल्या एका घराचं बिल म्हणजे किस झाड की पत्ती. एक फोन, विषय संपला.

१५ सप्टेंबर, सोमवार
विषय संपला नाही, पण सुरुवात दमदार. होल्डवर ठेवलं. बासरीची तीच ती धून. तेवढ्यात टीमची मीटिंग सुरू झाली, फोन स्पीकरवर ठेवूनच जॉइन झालो. म्यूट करायचं राहिलं. सगळ्यांनी बासरी ऐकली. मॅनेजर म्हणाला, यू आर ग्रँड. इकडे ग्रँड म्हणजे नुसतं 'असू दे, चालतंय'. पण त्याच्या आवाजात मला आदर जाणवला.

१८ सप्टेंबर
शेवटी माणूस लागला. एक मुलगी, कॉर्कचा, म्हणजे इथल्या दक्षिणेकडचा हेल. म्हणाली, मीटरवाला जेव्हा जेव्हा आला तेव्हा तुमचं बाजूचं गेट बंद होतं, त्यामुळे दोन वर्षं गॅसचं बिल अंदाजाने चाललंय. खरं रीडिंग पाठवलंत तर पुन्हा हिशोब करून देते. म्हणजे ग्राहकाकडून फुकट काम करून घ्यायचं. मी ठणकावून सांगितलं, रीडिंग घेणं तुमचं काम. ती म्हणाली, नो बॉदर, तशी नोंद करते.
नोंद झाली. याला म्हणतात दबाव.
चित्रा म्हणाली, मीटर गेटच्या आत चार पावलांवर आहे, कचरा टाकायला जाताना फोटो काढते. मी म्हणालो, प्रश्न फोटोचा नाही, तत्त्वाचा आहे. ती कचरा घेऊन गेली. फोटो काढला नाही, असं मी गृहीत धरतो.

२६ सप्टेंबर
ग्रँड कॅनाल डॉकला, ऑफिसच्या कँटीनमध्ये यशोधन भेटला. नागपूरचा, माझ्याच टीमचा. म्हणे तो दर वर्षी कंपनी बदलतो, नव्या ग्राहकाला सवलत असते, बस थांब्यावर उभं राहून होण्यासारखं काम आहे. मी म्हणालो, पळून जाणं माझ्या स्वभावात नाही. तो बराच वेळ सँडविच चावत राहिला. विचारात पडला असावा.

१ ऑक्टोबर
आज बँकेच्या ॲपमध्ये जाऊन डायरेक्ट डेबिट कॅन्सल केला. कंपनीचा हात माझ्या खिशात होता, तो काढला. आता त्यांना माझ्या मागे यावं लागेल. चित्राला एवढ्यात सांगत नाही. निकाल लागला की एकदमच सांगू.

४ ऑक्टोबर, शनिवार
आई आली. सांगली ते डब्लिन, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच घर सोडून. तीन महिन्यांचा व्हिसा. विमानतळाबाहेर आल्या आल्या विचारलं, हितं उन्हाळा कधी असतो रे. सांगितलं, होऊन गेला. गाडीत तिने स्वानंदीचा हात धरून ठेवला होता. नात आता अकरा वर्षांची, आजीचं मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.
ठरवलंय, आईला इथे काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही.

७ ऑक्टोबर
हीटिंगचं धोरण जाहीर केलं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. थर्मोस्टॅटच्या ॲपचा पासवर्ड बदलला. लढाई चालू असताना गॅस जाळणं म्हणजे शत्रूला रसद पोचवणं. चित्राने विचारलं, आई दिवसभर घरात बसून असतात, त्यांचं काय. मी सरळ आईलाच विचारलं. ती म्हणाली, मला कुठं वाजते थंडी. मिटलं.
माझ्या वर्क फ्रॉम होमच्या खोलीतला छोटा हीटर चालू राहील. तो ऑफिसच्या कामासाठी आहे, घरखर्चात धरता येत नाही.

१४ ऑक्टोबर
कंपनीचा ईमेल. हप्ता मिळाला नाही, सबब डायरेक्ट डेबिटवरची सवलत बंद, आणि युनिटचा दर आता वरचा. घाबरलेली माणसं अशीच धमकी देतात.
ईमेल चित्राच्याही पत्त्यावर जातो हे लक्षात नव्हतं. तिने बॉल्सब्रिजच्या ऑफिसातून फोन करून एवढंच विचारलं, हप्ता तू बंद केलास का. मी डावपेच समजावून सांगितले. सांगून व्हायच्या आतच फोन कट झाला. लाइन खराब असावी.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
पहाटे अभ्यंगस्नान. इमर्शन, म्हणजे पाण्याचा विजेचा हीटर, तेवढ्यापुरता लावला आणि वेळेवर बंदही केला. आईने सगळ्यांना तेल लावलं, उटणं लावलं, आधी आम्हाला पाठवलं. तिची पाळी आली तेव्हा पाणी गार झालं होतं. चित्रा पुन्हा इमर्शन लावायला निघाली तर आईच म्हणाली, राहू दे गं, उपेंद्रचं काहीतरी चाललंय कंपनीशी. गार पाण्याने अंघोळ करून आली. ओठ जरा निळसर वाटले, पण लाडू वळताना हसत होती. काटक पिढी.

३० ऑक्टोबर
कंपनीला तक्रारीचं पत्र. चार पानं, मुद्देसूद, शेवटी ग्राहकाच्या आत्मसन्मानावर एक परिच्छेद. प्रत सरकारी नियामकाला. नियामकाचं उत्तर लगेच आलं की आधी कंपनीकडची तक्रार प्रक्रिया पूर्ण करा. म्हणजे त्यांनी दखल घेतली.
चित्राला पत्र वाचून दाखवायला गेलो. ती आईच्या पलंगावर तिसरं ब्लँकेट घालत होती. म्हणाली, नंतर.

५ नोव्हेंबर
आईने कमाल केली. शेजारच्या मिसेस ब्रेनन, वय ऐंशीच्या आसपास, त्यांच्याकडे रोज जाऊन बसते. सकाळी आमचं हीटिंग बंद झालं की निघते, संध्याकाळी सुरू झालं की येते. हिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठीचा गंध नाही. दोघी चहा पितात, टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती बघतात. विचारलं, कळतं का काही. म्हणाली, कळायचंय काय, घोडी पळत्यात. आईला इथली संस्कृती इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर
मिसेस ब्रेनन दारात. मला वाटलं, आईचं कौतुक करायला आल्या. म्हणाल्या, युअर मदर वॉज पेरिश्ड, द क्रेचर. क्रेचर म्हणजे बिचारी आणि पेरिश्ड म्हणजे गारठलेली, हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलंय, पण यांना सगळंच वाढवून सांगायची सवय. मग विचारलं, बॉयलर बिघडलाय का, माझा भाचा दुरुस्त करून देईल, पैसे घेणार नाही. मी म्हणालो, बॉयलर उत्तम आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या अंगात टी-शर्टच होता, मीटिंगमधून उठून आलो होतो. माझ्या खोलीत जरा उकडतं.

२० नोव्हेंबर
रात्रीचं जेवण चालू असताना स्वानंदी म्हणाली, डॅड, आजी स्लीप्स इन हर कोट. मी म्हणालो, कोट नवा आहे, तिला आवडतो. स्वानंदी म्हणाली, दॅट्स नॉट व्हाय, अँड यू नो इट. शाळेत वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं हे शिकवत नाहीत. आई म्हणाली, रागावू नको तिला, आणि खोकत आत गेली. तिला गरम पाण्याची पिशवी आणून दिली आहे. चांगल्या प्रतीची.

२७ नोव्हेंबर
घात झाला. मी कॉलवर असताना मीटरवाला आला आणि आईने गेट उघडलं. वर त्याला चहा दिला, चकली दिली. तो रीडिंग घेऊन गेला. आईला वाटलं, आपण मोठी मदत केली. मला सांगताना चेहरा खुलला होता. मी जरा मोठ्या आवाजात बोललो. ती म्हणाली, चुकलं रे माझं. मग मिसेस ब्रेननकडेही गेली नाही, दिवसभर पांघरूण घेऊन पडून होती.

१ डिसेंबर, सोमवार
बिल आलं. खऱ्या रीडिंगवर. दोन हिवाळे आम्ही अंदाजापेक्षा बराच जास्त गॅस वापरलाय. म्हणजे मी घरून काम करत होतो ते दोन हिवाळे, सकाळ ते संध्याकाळ, अख्खं घर गरम ठेवून. फरक दीड हजार युरोंच्या वर. विजेचंही वाढलंय. चित्राने विजेच्या स्मार्ट मीटरचा आलेख उघडून माझ्यासमोर ठेवला. रोज नऊ ते सहा एक डोंगर. माझ्या खोलीतला हीटर. आलेख चुकू शकतात असं मी म्हणालो.

३ डिसेंबर
चित्राने सुट्टी काढून आईला डॉक्टरकडे नेलं. छातीत कफ, अँटिबायोटिक. डॉक्टरने विचारलं म्हणे, घरात हीटिंगची सोय आहे ना. चित्रा म्हणाली, मला काय उत्तर द्यावं कळेना. आईने तिला मध्येच थांबवून डॉक्टरला सांगितलं, हाऊस गुड, सन गुड. सन म्हणजे मुलगा, मी. तेवढंच इंग्रजी तिने कुठून जमवलं कोण जाणे.
चित्राने माझा फोन मागितला. पासवर्ड टाकून दिला. तिने हीटिंग लावलं आणि फोन परत दिला नाही. मी तत्त्वाबद्दल काही सांगणार होतो. ती म्हणाली, उपेंद्र, एक शब्द बोलू नकोस.

९ डिसेंबर
आई गेली. ठरल्यापेक्षा तीन आठवडे आधी. तिकीट चित्राने बदललं, आईने फक्त मान हलवली होती. म्हणाली, घराला कुलूप आहे, झाडांना पाणी कोण घालणार. झाडं सांगलीतल्या शेजारच्या शोभनाकाकूंकडे ठेवून आली होती, ते तिच्या लक्षात राहिलं नाही. विमानतळावर मिसेस ब्रेननही आल्या होत्या, टॅक्सी करून. दोघी एकमेकींचे हात हातात घेऊन उभ्या होत्या. मला आई म्हणाली, बिलाचं फार मनाला लावून घेऊ नको. आणि आत गेली.

११ डिसेंबर
चित्राने लंच ब्रेकमध्ये फोन केला. बाकी हप्त्यांत फेडायची, सवलत परत चालू, डायरेक्ट डेबिट आता तिच्या खात्यातून. महिना दोनशे नव्वद. कोणाशी बोललीस विचारलं तर म्हणाली, कॉर्कची मुलगी होती, फार गोड. मी म्हणालो, माझ्या पत्रामुळे ते नरमले असणार. चित्रा प्रेसमध्ये बश्या लावत होती. लावत राहिली. कपाटाला प्रेस म्हणायला ती अलीकडेच लागली आहे.

१४ डिसेंबर, रविवार
बाहेर बर्फाची भुरभुर. घर एकवीस अंशांवर, आईची खोलीसुद्धा. तिथला रेडिएटर तरी बंद करावा म्हणून गेलो होतो. तसाच परत आलो.
संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. खोकला कमी आहे. शेजारी शोभनाकाकू बसलेल्या. त्यांनी विचारलं, एवढ्या थंडीत कसे दिवस काढलेस गं. आई म्हणाली, थंडी घराबाहेर. माझ्या उपेंद्रनं घर असं गरम ठेवलंय, मला तर कधीकधी घाम यायचा. काकू म्हणाल्या, नशीब काढलंस. मग मला म्हणाल्या, असाच सांभाळ रे आईला. आई कॅमेऱ्यात न बघता पदर सारखा करत होती.
मी व्हिडिओ बंद केला. नेटवर्क गेलं असं सांगितलं.