‘मुंज’ असं लिहिलेली कॅसेट

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे. तरी ‘तुम्ही’ काही सुटत नाही. शाळेत आम्हाला चित्रकलेला होतात, तेव्हापासूनची सवय. पुढे लग्नसराईत तुम्ही व्हिडिओ शूटिंग घ्यायला लागलात आणि नवरीच्या खोलीत शिरायला बाईमाणूस हवं म्हणून मला कॅमेरा शिकवलात. नाहूरला लोखंडाच्या वर्कशॉपवरची ती खोली मला अजून दिसते. भिंतींना ग्रीसचे डाग, खाली आठवडाभर खणखणाट. रविवारी वर्कशॉप बंद असायचं, म्हणून रविवारची दुपार आपली.

चार-पाच जण यायचे. एक बँकेतला, एक कंपाउंडर, बाकीच्यांची नावं तुम्ही मला कळूच दिली नाहीत. पिशव्यांतून साड्या निघायच्या, गजरे निघायचे. दुसरीकडे जायची सोयच नव्हती त्यांना, नाचायला तर नाहीच नाही. टेपरेकॉर्डर लागला की कंपाउंडर असा काही नाचायचा की मीच ओशाळायची. आणि तुम्ही शूट करायचात. लग्नाच्या कॅसेटीत ज्या व्हिडिओ मिक्सरवर आपण नवरानवरीला बदामात बसवायचो, त्याच मिक्सरवर तुम्ही कंपाउंडरचा दवाखान्यातला चेहरा हळूहळू त्याच्याच लिपस्टिक लावलेल्या चेहऱ्यात मिसळायचात. मध्येच थांबवून म्हणायचात, “हा बघ. आता आला हा.” मला तेव्हा ते कळायचं नाही, नुसतं बघत राहावंसं वाटायचं.

एका रविवारी तुम्ही तुमची शर्ट-पँट माझ्या अंगावर फेकलीत. “जा, घाल. रोज काय बघत बसतेस नुसती?” मी वेणी कॉलरमध्ये खुपसली, काजळानं मिशी काढली आणि तुमच्याबरोबर नाचले. तुम्ही निळी साडी नेसला होतात आणि पदर माझ्यापेक्षा चांगला सांभाळत होतात. नंतर टीव्हीवर स्वतःला पाहून मला रडू फुटलं. मी मला इतकी कधी आवडलेच नव्हते, सर. त्या सगळ्या कॅसेटींवर तुम्ही ‘मुंज’ लिहून ठेवायचात. “परक्याची मुंज कोण मागून बघतंय?” म्हणत स्वतःच हसायचात.

मग मुलुंडची एक खरी मुंज आली. तिची कॅसेट न्यायला मुलाची आत्या आली आणि मी ती दिली. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी भाड्याचा व्हीसीआर, सगळा गोतावळा जमलेला, आणि पडद्यावर बटूच्या जागी निळ्या साडीतले तुम्ही. सकाळी मुलाचा बाप तिघांना घेऊन खोलीवर आला.

“मास्तर, घरात पोरंबाळं आहेत आमच्या. ही काय थेरं?”

“लेबल मी लिहिलं. चूक माझी.”

“आणि हा मिशीवाला कोण?”

“बाहेरचा कोणी तरी. मला नाही माहीत.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

तो माझ्याकडे वळला. “तू इथे कामाला ना गं? तुला ठाऊक होतं?”

“नाही हो. ठाऊक असतं तर पाय ठेवला असता का इथे? शी!”

ती ‘शी’ कोणी मागितली नव्हती. ती मी पदरची घातली.

त्यांनी तुम्हाला मारलं, कॅमेरा फोडला. आठवडा झाला नाही तोच शाळेनं घरी बसवलं. तुम्हीच हातात खडू धरायला शिकवलेली पोरं तुम्हाला बघून टाळ्या वाजवायला लागली. खोली सोडताना सामान बांधायला मी आले, तर तुम्ही मलाच समजावलंत. “तू मनाला लावून घेऊ नकोस गं. दोन्हीवर मुंजच लिहिलेलं. कोणाचीही गफलत झाली असती.” मी मान हलवली आणि सुतळी बांधत राहिले. गणपतीच्या आधी तुम्ही गेलात. आजारपण म्हणतात, कोणी आणखी काही म्हणतात. मी विचारायला आले नाही. तुमच्या आईला भेटायलाही आले नाही, भ्याले.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही पुन्हा मलाच समजावलं असतंत. गफलत झाली नव्हती, सर. मुंजीच्या दिवशी ती आत्या दिवसभर माझ्याशी बोलत होती, आणि मला ती आवडली होती, फार आवडली होती. ती आली तेव्हा मी तिला एक नाही, दोन कॅसेटी दिल्या. घरच्यांनी तिच्या पिशवीतून नेमकी दुसरी काढली. ती देताना मी तिला म्हटलं होतं, ही तू एकटीनं बघ, यातला मिशीवाला मी आहे.