रस्त्याचा वाक

ती. काकांना,
नमस्कार करायलाच हवा, म्हणून करते.

"सुट्टीत येऊ नकोस, अभ्यास कर," असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. परदेशात नगररचना शिकायला मला धाडलंत तुम्हीच. परवा वर्गात प्रत्येकाने आपापल्या गावाचा नवा सरकारी आराखडा मांडला. आपल्याकडचा नवा रस्ता नाकासमोर चालत येतो, तुमच्या गोदामापाशी अंग चोरतो आणि थेट आईच्या स्वयंपाकघरात शिरतो.

सरांनी विचारलं, "हा वाक कशासाठी?"

"तिथे खडक असेल," मी म्हटलं. घरच्या माणसाची लाज राखली.

आई म्हणते, काका हल्ली रोज चहाला येतात, किती जीव लावतात! आराखड्यावर हरकत नोंदवायची मुदत याच सुट्टीत संपते, हे चहा पिताना तिला सांगितलंत का?

हे पत्र टाकणार नाही. हरकत मात्र कालच पाठवली.

तुम्हीच शिकवलेली,
तुमची पुतणी