ह्यांच्या टाचा

रविवार संध्याकाळ, स्वित्झर्लंड, लेकीचं घर

पाय दुखून राहिलेत, तरी आज लिहिणारच.

लेकीनं आम्हा दोघांना दरीतल्या वाटेनं फिरायला नेलं. वाट सपाट, बैलगाडी जाईल एवढी रुंद. तरी हे पुढं आन् मी मागं, निलंग्याला शेताच्या बांधावर चालतो तसं. बांध अरुंद असतो, इथं कशापायी? बत्तीस वर्षं ह्यांच्या भेगाळलेल्या टाचा बघत चालले. आज ह्यांच्या पायात बूट, तरी मला टाचाच दिसत होत्या.

एकाएकी डोकं फिरलं. बाजूनं निघाले ती पुढंच.

"अगं, रस्ता तरी ठाव हाय का तुला?" हे ओरडले.

"तुमाला तरी कुठं ठाव हाय?" मी म्हटलं. लेक खुदकन हसली.

पुढून बघितलं तर केवढी दरी! गवत, फुलं, पार टोकाला बर्फ. मधी कुणाच्या टाचा न्हाईत.

वळणावर मागून ह्यांची हाक आली, "थांब की जरा, दम लागला."

उद्धटपणा झाला का? झाला तर झाला. माझ्या डोक्यावर भाकरीची पाटी असायची, तवा हे कधी थांबले का?

मी थांबले न्हाई. जरा हळू चालले, एवढंच.