सामू आला नाही

३ नोव्हेंबर
मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडली. आजपासून चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपनीचा फील्ड ऑफिसर. आमचं बुरशीनाशक नॅनो आहे, द्राक्षावरच्या डाऊनी बुरशीसाठी. औषधाच्या कणाभोवती कवच, तेही आपोआप विरघळणारं. पानावर बसायचं, औषध हळूहळू सोडायचं, जमिनीत मागे काही ठेवायचं नाही. माहितीपत्रक इंग्रजीत. पहिलं पान वाचलं. पुढे पीएच वगैरे आहे, ते लॅबवाल्यांसाठी असावं.
संकल्प : महिन्याभरात सोलापूर जिल्हा डाऊनीमुक्त.

५ नोव्हेंबर
बार्शी रोडला जगदेवीअक्कांची एकरभर द्राक्षबाग मिळाली. घड नुकतेच बाहेर पडलेत. आत्ता डाऊनी आली तर आमचं वरीस गेलं म्हणायचं, असं अक्का म्हणाल्या. आमच्या लॅबच्या प्रियदर्शनी मॅडमनी ट्रायलला फक्त चार ओळी सांगितल्यात. मी अख्खी बाग घेतली. माणसाने मोठा विचार करावा. अक्कांना त्यांची जुनी फवारणी बंद करायला लावली. त्या म्हणाल्या, तुमच्या जबाबदारीवर बरं का, सायेब. म्हटलं, लिहून घ्या.

७ नोव्हेंबर, सकाळी ७
पहिली फवारणी. टाकीत बोअरचं पाणी भरलं. अक्कांनी विचारलं, सायेब, सामू बघितला का? म्हटलं, अजून आला नाही. त्या थांबल्या, मग हसल्या.
सामू कंपनीचा हेल्पर असावा. पहिल्याच दिवशी दांडी.
अक्कांनी लिंबूसत्वाची पुडी पुढे केली. म्हटलं, आमच्या औषधाला गावठी मसाला लागत नाही. औषध ओतलं तसे टाकीत पांढरे कण तरंगले, फाटलेल्या दुधासारखे. नॅनो कण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत म्हणे. मला दिसले.
नोझल तीनदा तुंबलं. नोझल स्वस्तातलं.

११ नोव्हेंबर
धुकं. दुसरी फवारणी. सामू आजही नाही. अक्का म्हणाल्या, हितला सामू कायम चढलेलाच असतो की. म्हणजे पितोसुद्धा.
आमचे मॅनेजर इंद्रजीत सर, त्यांना मेल टाकला : कर्मचारी सामू गैरहजर व व्यसनी. कारवाई व्हावी.

१४ नोव्हेंबर
पानांवर पिवळट, तेलकट डाग. उन्हाने असतील. पानामागे पांढरा थर आलाय. औषध छान बसलंय.
अक्का म्हणाल्या, जुनं औषद मारू का एक हात? म्हटलं, आमचा कण हळू काम करतो. धीर धरा. त्यांनी धरला.

१८ नोव्हेंबर
घड तपकिरी पडून गळतायत. अक्का ते टोपलीत गोळा करतायत. मॅडमना फोन केला.
संकल्प : उद्या आपण कमी बोलायचं.

१९ नोव्हेंबर
मॅडमनी बोअरच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. निळसर झाली. सामू साडेआठ, म्हणाल्या. अशा पाण्यात कवचं एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, पानावर औषध पोचतच नाही. चिमूटभर लिंबूसत्व टाकलं असतं तरी सामू उतरला असता.
मी विचारलं, यात सामूचा काय संबंध?
 मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, पीएच. मराठीत सामू म्हणतात. पत्रकात दुसऱ्या पानावर आहे.
अक्का म्हणाल्या, मी इचारलं हुतं की. तुमी म्हणला, आला न्हाई. मला वाटलं थट्टा करताय. परत वाटलं, शिकलेला माणूस हाय, नव्या औषदाला सामू बघावा लागत नसंल.
टोमणा असता तर चाललं असतं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.
बांधाकडच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्या आहेत. त्यांवर अक्कांनी माझ्या माघारी जुनं औषध मारलं होतं. हे सांगताना त्याच ओशाळल्या. तुमचा सबूद मोडला, सायेब, म्हणाल्या.
मी बुटांकडे बघत होतो.

२१ नोव्हेंबर
इंद्रजीत सरांचं उत्तर आलं. सामू नावाचा कर्मचारी आपल्याकडे नाही. बागेत गैरहजर कोण होते, पूर्ण नाव कळवावे.
कळवलं. माझ्या वडिलांच्या नावासकट.