पहिल्या पानावरचं माझं वाक्य

३ ऑक्टोबर १९९५, दसरा

शेजारी बंदूक उडाली! संध्याकाळी साडेपाच. सगळी कॉलनी देवळामागे जम्मीच्या, म्हणजे शमीच्या झाडाकडे गेलेली. मी सोन्याची पानं पिशवीत भरत होते. आधी वाटलं फटाका. मग शेजारचे केशवराव ओरडले, ‘ताई! ताई!’

मागच्या दारानं माणूस शिरला होता. हातात चाकू. केशवरावांच्या बायकोच्या, गंगूच्या गळ्यातली पोत धरून पिळत होता. काल खंडेनवमीला पुजलेली बारा बोअरची बंदूक अजून पाटावरच होती, शेजारी दोन काडतुसं. दसरा उलटेपर्यंत पूजा हलवायची नाही, हा त्यांच्या घरचा नेम. रझाकारांच्या दिवसांत केशवरावांच्या वडिलांनी परवाना काढला, तेव्हापासूनचा. आणि बंदूक उडाली ती बहुधा तेव्हापासून पहिल्यांदाच.

छर्रे त्या माणसाच्या मांडीत गेले. जिवंत आहे. त्याला दवाखान्यात नेलं, केशवरावांना ठाण्यात. जाताना मला म्हणाले, ‘मीच झाडली. हिला कुणी काही विचारू नका. घाबरलीय.’

गंगू पलंगावर बसून. मानेवर पोतीचा लाल वळ. एक शब्द नाही. रात्रीची तिच्यापाशी मीच.

४ ऑक्टोबर

सकाळी फाटकाशी पाच वार्ताहर, दोन कॅमेरे. एक कॅमेरा तर केबलवाल्याचा! कालपर्यंत हा मनुष्य खांबावर चढून वायरी जोडत होता.

सुजाता नावाची एक मुलगी. इथेच वाढलेली मराठी, इंग्रजी पेपरात काम करते. ‘आंटी, गन कायकू बाहेर होती?’ हे कसलं मराठी! मी खंडेनवमीची पूजा समजावली. परवा पूजेत केशवरावांच्या थरथरत्या हातून निम्मं कुंकू पाटावर सांडलं, तेही सांगितलं. आणि मग मला सुचलं. सुचलं की माझ्यानं गिळवत नाही. म्हटलं, ‘सोमवारी पूजा केली, मंगळवारी बळी दिला!’

सगळे हसले. मला बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

पहिल्या पानावर. चार रकाने. ‘सोमवारी पूजा, मंगळवारी बळी – शेजारणीची माहिती.’

खाली माझं नाव, वय, आणि ‘कोर्टातील निवृत्त लघुलेखिका’. वय दोन वर्षांनी जास्त.

६ ऑक्टोबर

जामीन नाकारला. सरकारी वकिलानं ते कात्रणच वाचून दाखवलं. म्हणे आधीपासून तयारी होती, बळी द्यायचं ठरलेलंच होतं! खुनाचा प्रयत्न हे कलम. केशवराव सत्तरीचे. तुरुंगात फरशीवर निजायचे.

त्यांचे वकील एकनाथराव कोर्टाच्या पायरीवर मला म्हणाले, ‘बंदुकीला परवाना लागतो, ताई. जिभेला लागत नाही. कायद्यात एवढीच खोट राहिली.’

एकतीस वर्षं मी याच कोर्टात दुसऱ्यांची वाक्यं टिपली. हेही टिपून घेतलं.

७ ऑक्टोबर

गंगूकडे वरण-भाताचा डबा पाठवला. संध्याकाळी परत आला – घासलेला, पुसलेला, रिकामा. चाळीस वर्षांत या दोन घरांत डबा कधी रिकामा फिरला नाही. साखरेची चिमूट तरी असायचीच.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर

सगळ्या शहराला मत फुटलंय. दूधवाला – ‘बुढ्ढा शेर है, अम्मा!’ रिक्षावाला – ‘गरीब को मारे तो शेर, नक्को जी!’ एका पेपरात केशवराव शूर आजोबा, ‘थरथरत्या हातांचा अचूक नेम’. दुसऱ्यात माजलेले जमीनदार. जमीन कुठली! सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात कारकुनी. तो जखमी माणूस एका ठिकाणी अट्टल दरोडेखोर, दुसऱ्या ठिकाणी भुकेला मजूर. साबणाच्या नाही का आता वीस जाती निघाल्या, तशी प्रत्येकाची आपापली बातमी. घ्या हवी ती!

संपादकाला पत्र लिहिलं. दोन पानं. विपर्यास केला म्हणून.

११ ऑक्टोबर

पत्र छापलं. चार ओळी उरल्या. तडक त्यांच्या कचेरीत गेले. सुजाता उठून उभी राहिली – तेवढं वळण आहे. म्हटलं, ‘तू माझं वाक्य मोडलंस!’

‘आंटी, एक शब्द नाही बदलला. ऐका की.’ तिनं टेप लावली.

माझाच आवाज. शब्द न् शब्द माझा. आणि वाक्यानंतर मी हसले होते. चांगली खळखळून! शेजारी गंगू गळ्यावर वळ घेऊन बसलेली, आणि मी हसत होते.

लघुलिपीत हसण्याला खूण नाही, टोमण्याला नाही. हे मला ठाऊक होतं – इतकी वर्षं ठाऊक होतं. साक्षीदार कुत्सितपणे ‘हो, मीच मारला’ म्हणायचा, मी ‘हो, मीच मारला’ लिहायचे. घरी येऊन जेवायचे.

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस मला म्हणायच्या, बोलण्याआधी दहा आकडे मोज. मी तीनपर्यंतच मोजत आले.

सुजातानं चहा मागवला. हळूच म्हणाली, ‘हेडलाईन मी नाही दिली. पण थांबवली पण नाही.’ रागवायला गेले होते, चहा पिऊन आले.

१५ ऑक्टोबर, रविवार

जामबागेत सभा. ‘वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य की स्वैराचार?’ हॉल खच्चून भरलेला. प्राध्यापक, वकील, केबलवालासुद्धा. सगळे एकमेकांना लोकशाही शिकवत होते.

मी हात वर केला. दहा आकडे मोजले. – ‘ते वाक्य माझं. पेपरनं खोटं छापलं नाही. मी खरं बोलले नाही. मला तयारीबियारी काही माहीत नव्हती, मला फक्त विनोद सुचला होता. शेजारच्या बाईचा गळा आवळला गेला आणि मी त्यावर विनोद केला. हवं तर कोर्टात लिहून देते.’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘और वो जख्मी आदमी?’ बरोबर विचारलं. दोन तास झाले, कोणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. मीही नाही. सुजातानं उठून सांगितलं – ती काल दवाखान्यात जाऊन आली. त्याचा पाय वाचला.

टाळ्या वाजल्या. त्या पायासाठी! मला फार बरं वाटलं. या गावाचं काही बिघडलेलं नाही.

१६ ऑक्टोबर

पहिल्या पानावर, चारही रकाने. हसण्यासकट. वय या वेळी बरोबर.

१८ ऑक्टोबर

एकनाथरावांनी माझं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. जामीन मिळाला! केशवराव रिक्षातून उतरले, फाटकाची कडी त्यांना उघडेना, इतका हात थरथरत होता. मीच उघडली. म्हणाले, ‘ताई, चहा पिऊन जा.’ एवढंच. बशी सगळा वेळ वाजत होती.

गंगू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आता स्वसंरक्षणाचं सिद्ध झालं की सुटलेच, असं एकनाथराव म्हणतात. फक्त सरकारी वकील सारखा एकच खुंटा धरून बसलाय – हे हात बंदूक भरतात कसे, नेम धरतात कसे? आधी सराव केला असणार! एकनाथरावांकडेही याला उत्तर नाही.

१९ ऑक्टोबर

डबा आला. गंगू स्वतः घेऊन आली. आत धपाटे, गरम. बसली, आणि सोळा दिवसांनी पहिल्यांदा बोलली –

‘ताई, बंदूक मी उडवली. पोत तुटली, तो मागं कलंडला, तेवढ्यात भरली. रझाकारांच्या वक्ताला बापानं शिकवलेलं, बारा वर्षांची होते. यांनी आळ अंगावर घेतला, अन् मला गप बसवलं. इतके पेपरवाले आले, तुम्ही सोबत निजलात. मला कुणीच नाही विचारलं. आता यांचं ऐकणार नाही मी. उद्या कोर्टात साहेबापुढं समदं सांगणार. आधी तुम्ही लिहून घ्या. मी सांगते तसंच. पदरचं काही घालू नका.’

पेन्सिलीला टोक काढलं.