हलिमाची फाइल

१४ ऑक्टोबर २०२५
संगणकाची आज शेवटची तारीख म्हणे. बिघडलेला नाही, मजेत चालतोय – तरी शेवटची! फहद ऑफिसातून येऊन बूट काढता काढताच म्हणाला, "अब्बा, विंडोज टेन खलास. यापुढे अपडेट नाही. तुमचा डबा इतका जुना की त्यात अकरा चढणार नाही. नवा लॅपटॉप घेऊ. अडीच हजार दिरहम, म्हणजे साठ हजार."

मी थक्क. आमचे गुरुजी पुस्तक फाटेपर्यंत पुढच्या वर्गाला द्यायचे. इथे न फाटलेलंच रद्दी.

या संगणकात हलिमाची फाइल आहे. शेवटची दोन वर्षं माझी बायको रोज दुपारी बसून टाइप करायची. "काय लिहितेस?" "शाळेतल्या कविता उतरवतेय. चुका असतील, बघू नका." दापोलीच्या मराठी शाळेत आम्ही एकाच वर्गात. तिला जाऊन तीन वर्षं झाली. फाइल मी उघडली नाही. पुरवून ठेवली आहे.

१८ ऑक्टोबर
नात अफशा म्हणते, "दादा, डोन्ट बाय. विंडोज काढून लिनक्स टाकू. इट्स फ्री."
"कोणी केलं ते?"
"पीपल."
"कुठले?"
"जस्ट पीपल, दादा."

कोणाचंच नाही म्हणून सगळ्यांचं – आमच्या गावच्या पाणवठ्यासारखं. फहद हसला. "फुकट ते पौष्टिक, काय अब्बा?" अफशाने माझ्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, जुनं पुसलं, नवं चढवलं. तासाभरात.

२१ ऑक्टोबर
फहदने लॅपटॉप आणलाच. आता टेबलावर दोघे शेजारी.

विंडोजने आधी ईमेल मागितला, मग मोबाइल नंबर, मग कोड, मग चेहरा. मी कोण हे पटवून देता देता चहा निवला. लिनक्सने नाव विचारलं, एक पासवर्ड घेतला आणि बाजूला झालं. प्रिंटर आपणहून ओळखला. म्हातारा डबा तरण्यासारखा पळतो. पण फहदच्या ऑफिसचे फॉर्म त्यात वाकडे उघडतात, तक्ते पानाबाहेर जातात. लॅपटॉपमध्ये सरळ.

अजून निकाल दिलेला नाही.

२५ ऑक्टोबर
आमच्या निकाहाला आज सत्तेचाळीस वर्षं. ठरवलं, आज उघडायची.

एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच कंस. एक्केचाळीस पानं तशीच. लॅपटॉपवर उघडली – तेच. फुकटचं आणि विकतचं, दोघांचं एकमत.

अफशाने खूप वेळ पाहिलं. हलिमाचा मराठी फॉन्ट जुन्या तऱ्हेचा होता. आत इंग्रजीच, वर मराठी कपडे. कपडे जुन्या विंडोजमध्ये राहिले आणि ते आपण पुसलं. "आय कॉपीड द डॉक्युमेंट्स, दादा. फॉन्टचं डोक्यातच नाही आलं." फहद तिच्यावर ओरडला. पोर रडली. हलिमा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

२६ ऑक्टोबर
जेवलो नाही.

१ नोव्हेंबर
इथल्या रोल्लाच्या बाजारात संगणकाच्या चार दुकानांत विचारलं. एक जण म्हणाला, "चाचा, ये फॉन्ट तो म्युझियम में मिलेगा." ज्यांनी तो विकला ती कंपनी केव्हाच बंद. विकत घेतलेलं अक्षर विकणाऱ्याबरोबर मरतं, हे मला कोणत्या इयत्तेत शिकवलं होतं?

अफशाने लिनक्सवाल्यांच्या पानावर प्रश्न टाकला आहे. खाली त्या अक्षरांची एक ओळ.

३ नोव्हेंबर
उत्तर आलं – मराठीत! कुडाळचा कोणी मधू. "काका, ही अक्षरं मी ओळखतो. वडील याच फॉन्टमध्ये लग्नपत्रिका छापायचे. कोणत्या इंग्रजी अक्षरामागे कोणतं मराठी, त्याचा तक्ता छापखान्यात अजून चिकटवलेला आहे. चार दिवस द्या." मी फी विचारली. "कसली फी? तक्ता सगळ्यांसाठी टाकतोय. तुमच्यासारखे पुष्कळ अडलेत."

ना ओळख ना पाळख. माझ्याच शेजारी दहा वर्षं कोण राहतं ते मला माहीत नाही.

४ नोव्हेंबर
चवथीच्या पुस्तकातली होडीची कविता त्या फाइलीत असणार. दुसरं कडवं मला कधीच आठवत नाही. हलिमाला आठवायचं. इन्शाल्ला.

७ नोव्हेंबर
मधूने केलेला प्रोग्रॅम आला. अफशाने चालवला. पडद्यावर ओळ ओळ मराठी होत गेली. र्‍हस्व वेलांट्या थोड्या चुकल्या, बाकी लख्ख. अफशाला मराठी वाचता येत नाही. म्हणाली, "रीड, दादा, रीड."

होडीची कविता नाही. पुस्तकातली एकही नाही. सगळ्या तिच्या स्वतःच्या. पहिलीच –

सत्तर कविता तुम्हांला पाठ,
रोज माझ्या शेजारी बसून म्हणता.
मी भाजी निवडते, मान हलवते.
एकदा कविता नको,
मला काहीतरी म्हणा.

"व्हॉट डझ इट से, दादा?"
मी म्हणालो, शाळेतली आहे.

८ नोव्हेंबर
पुढची चाळीस पानं उघडी आहेत. सकाळी अफशाला विचारलं, हे परत पहिल्यासारखं, डॉलर-कंसांचं, करता येतं का?