पाचवी पँट

सोमवार, १४ जुलै २०२५

रोजनिशी लिहायची सवय सुटून तीस वर्षं झाली. आज लिहावं लागतंय, कारण या घरात दोन माणसं राहतात आणि त्यातलं एक माझ्याशी बोलत नाही. चूक माझी आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगायची माझी तयारी नाही, म्हणून वही.

झालं ते असं. हर्षा, माझी भाची, धाकट्या भावाची, गोपालची मुलगी. दोन वर्षांपासून विमा कंपनीतल्या नोकरीसाठी माझ्याकडे अमरावतीला राहते. शुक्रवारी ट्रेनिंगला नागपूरला गेली. तिथं जीन्स चालत नाही, म्हणून तिची ती निळी जीन्स गॅलरीत खिळ्याला टांगून गेली. अकरा महिन्यांत तिनं ती एकदाही धुतली नव्हती. भिंतीला टेकवली तर एकटी उभी राहील अशी. वासाचं विचारूच नये. कमरेला चिठ्ठी टाचलेली — "आत्या, धुऊ नको. प्लीज."

मी चिठ्ठी काढली, घडी करून सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवली, आणि पँट उकळत्या पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजवली. सकाळी साबण लावून ब्रशनं घासली. दोनदा. पाणी निळं निळं निघत होतं. मला वाटलं, मळ निघतोय.

होम सायन्सला कापडाच्या पेपरात मी कॉलेजातून पहिली आले होते. नीळ कापडावर कशी बसते आणि कशी सुटते, यावर चार पानं लिहिली होती!

काल संध्याकाळी हर्षा आली. दोरीकडे बघितलं. रडली नाही.

"चिठ्ठी वाचली होती न?"

"वाचली होती."

"बरं."

एवढंच. पँटची घडी केली आणि बुटांच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

१५ जुलै

बोलत नाही. डबा नेला नाही.

१६ जुलै

आकांक्षा आली होती. हर्षाची मैत्रीण, अंगात तसलीच पँट. हर्षा ऑफिसातून यायची होती, तेवढ्यात मी आकांक्षाला स्वयंपाकघरात बसवून सगळं काढून घेतलं.

ही जीन्स गिरणीतून न धुता येते. कोरी. पत्र्यासारखी कडक. रोज घालायची, महिनोन्‌महिने. अंग जिथं मोडतं तिथला रंग जातो — गुडघा, मांडी, मोबाइलचा कोपरा. दोघांची पँट एकसारखी होत नाही. आकांक्षा म्हणाली, "पँटवर माणूस उमटतो आत्या." मी म्हटलं, घामही उमटतो. हसली.

अकोल्याला २५ जानेवारीला यांचा मेळावा आहे. बूट जमवणारे आणि जीन्सवाले, दोघांचा मिळून. जीन्सच्या स्पर्धेत प्रत्येक गावाचे पाच जण लागतात. प्रत्येकाचे किमान एकशे ऐंशी दिवस, साबण न लावता, आणि दर महिन्याचा फोटो पुरावा म्हणून. एकदा साबण लागला की त्या माणसाचं नाव त्या वर्षापुरतं बाद, नवी पँट घेतली तरी. अमरावतीचे पाच पहिल्यांदाच जमले होते. हर्षानं दीड वर्ष एकेकाच्या मागे लागून जमवले होते.

आता चार. चार म्हणजे अमरावती नाहीच.

"मग कुणी नवीन घ्या."

"कोण घालते आत्या रोज? पोरी आठ दिवसांत कंटाळतात. आणि याच महिन्यात सुरू केलं तरच दिवस भरतात."

मी विचारलं, वयाची काही अट आहे का.

तिला वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नाही, हे या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

१९ जुलै

अकोल्याला जाऊन आले. एसटीनं. मेळावा भरवणारा मुलगा जीवन, त्याचं दुकान बसस्टँडच्या मागे, वरच्या मजल्यावर. भिंतभर बूट, एकेक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत. फ्रीजमध्ये भाजी ठेवतात तसे. दोन मुलं नवे बूट घालून आरशापुढं टाचांवर चालत होती — पुढं चामड्याला घडी पडू नये म्हणून. मी जिना चढून आत आले तर जीवन अगदी आदरानं विचारतो, "मावशी, तुमी पण घडी वाचवून चालता का?"

मी म्हटलं, माझी चालच अशी आहे.

खोटं. डावा गुडघा. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, झिजलाय, बदलावा लागेल, तोवर उकिडवं बसायचं नाही. वलगावला यांनी मागे ठेवलेलं दोन एकर फुलांचं वावर आहे. उकिडवं न बसता फुलशेती कशी करतात, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. गोपालला कळलं तर वावर ठेक्यानं द्यायला लावील. हर्षाला कळलं तर गोपालला कळेल. म्हणून कुणालाच नाही.

"कोरी पँट पाहिजे. कंबर चौतीस."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. अमरावतीचं पाचवं नाव लिहून घे. सुभद्रा."

त्यानं वही उघडली. मग म्हणाला, "मावशी, आमी नुसती पँट नाही पाहत. घालणारा माणूस समोर उभा राहावा लागते."

"राहीन."

"मशीनमध्ये नाही टाकायची."

"माहीत आहे."

"काही लोक दगडानं घासून खोटे डाग पाडतात..."

मी नुसतं बघितलं. त्यानं पँट काढून दिली. निघताना जिन्यापर्यंत आला — "पाऊस चालते. साबण नाही."

२० जुलै

पहिला दिवस. डब्यात पाय घातल्यासारखं वाटतं. वर यांचा जुना पांढरा शर्ट. तशीच वावरात गेले.

माणिकबाई वीस वर्षांपासून माझ्याकडे निंदायला येते, पण इतका वेळ हातातलं काम सोडून उभी राहिलेली आज पहिल्यांदा बघितली. "काहो बाई, पोलीस भरतीले निंगाल्या का?"

"गुलाबाचे काटे लागत नाहीत याच्यातून."

"काट्याचं जाऊ द्या. लोकायचे डोळे लागतीन."

संध्याकाळी हर्षानं दारातच बघितलं. पायांपासून कमरेपर्यंत, कमरेपासून पायांपर्यंत.

"काहून?"

"अमरावतीचे पाच पाहिजेत न."

पिशवी खाली ठेवली, मोबाइल काढला. "भिंतीजवळ ये. सरळ उभी राह्य."

आठ दिवसांनी माझ्याशी बोलली ती एवढंच. सरळ उभं राहणं हेच अवघड. राहिले.

५ ऑगस्ट

चार दिवस पाऊस. चिखल वाळला की ब्रशनं झाडायचा, उलटी करून वाऱ्यावर टाकायची. हर्षानं हे चिठ्ठीवर लिहून ठेवलं, तोंडानं सांगितलं नाही. या वेळी चिठ्ठीप्रमाणे वागले.

२० ऑगस्ट

फोटो. मांडीवर पांढऱ्या रेघा यायला लागल्या. हर्षानं बोट फिरवून बघितल्या. "चांगल्या येऊन राहिल्या." मी भाजीला फोडणी द्यायला निघून गेले. उगाच.

७ सप्टेंबर

रविवार. हर्षा बुटांची खोकी पुसत होती. अकरा जोड. एकही पायात घातलेला नाही. एक पांढरा आहे, तो मिळायला नऊ महिने थांबली होती. मी म्हटलं, "पँट काढायची नाही आणि बूट घालायचे नाहीत. तुमचं शास्त्र मला समजत नाही."

"बूट जसा आला तसा राहिला पाहिजे आत्या. पँट जशी आली तशी नाही राहिली पाहिजे."

"आणि माणूस?"

"माणसाचं तू पाह्य." मग हसली. जुलैनंतर पहिल्यांदा.

३० सप्टेंबर

दसरा परवावर. झेंडू तोडून तोडून नखं काळी. सात तास. डावा पाय वाकत नाही, म्हणून उजवा गुडघा टेकते, डावा बाजूला लांब सोडते. कापड जाड आहे म्हणून उजव्याला खडे लागत नाहीत, एवढं पँटचं खरं.

माणिकबाई : "एकाच गुडघ्यावर काहून बसता हो? लगनातल्या फोटोवाल्यावानी."

"तू तुझी ओळ बघ."

१३ ऑक्टोबर

हिवरखेडहून गोपालचा फोन. "ताई, पँट घालून वावरात जातं म्हणे तू? वलगावची बातमी इथलोक आली."

"जाते."

"लोक काय म्हणतीन?"

"झेंडू किती निघाला ते विचार."

"आता बस कर ताई. वय झालं. ठेक्यानं देऊन टाक, आरामात राह्य."

फोन ठेवला. मी.

२० नोव्हेंबर

फोटो. या वेळी हर्षानं फोटो मोठा करून फार वेळ बघितला. मग विचारलं, "आत्या, वावरात तू बसते कशी?"

"सगळ्या बाया बसतात तशी."

"बरं."

तिच्या "बरं"ची मला आता भीती वाटते.

४ डिसेंबर

शेवंतीच्या ओळीत बसले ती उठताच येईना. माणिकबाईनं काखेत हात घालून उठवलं. म्हणाली, "पोरीले सांगते मी." मी म्हटलं, सांगितलंस तर उद्यापासून येऊ नकोस. वाईट बोलले. पण आज एकशे अडतिसावा दिवस आहे. बेचाळीस राहिले. आता घरी बसवलं तर पुन्हा चार होतील, आणि पुन्हा माझ्यामुळे.

७ डिसेंबर

रविवार. हर्षा वावरात आली. "फोटोत माती पाहिजे खरी," म्हणाली. सोबत बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल. "माझ्यासाठी आहे," म्हणाली. दिवसभरात त्यावर एकदाही बसली नाही. तीन ओळी तोडल्या, अर्ध्या चुकीच्या. देठ फार आखूड ठेवते.

स्टुलावर मी बसले.

२८ डिसेंबर

चौथा रविवार. देठ आता बरोबर ठेवते.

१५ जानेवारी २०२६

एकशे ऐंशी.

२५ जानेवारी

रात्रीच लिहून ठेवते, उद्या सगळं असंच आठवणार नाही.

सकाळी हर्षानं तो पांढरा जोड खोक्यातून काढून माझ्या पायाशी ठेवला. आम्हा दोघींचं माप एकच. "घाल. तळ मऊ आहे."

"घडी पडेल."

"पडू दे."

घातला. मी टाचांवर चालत नाही, चालताही येत नाही. अकोल्याच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत दोन्ही बुटांना घड्या पडल्या होत्या. तिनं बघितल्या. मीही बघितल्या.

हॉल भरलेला. एका बाजूला बुटांची टेबलं, विकायला नाहीत, नुसती दाखवायला. मुलं खोक्यांचे वास घेत होती. दुसऱ्या बाजूला आमचं टेबल. पुठ्ठ्यावर "अमरावती", हर्षाच्या अक्षरात. आकांक्षा, दोन मुलं, एक मुलगी आणि मी. हर्षा मागे उभी, तिचं नाव बाद म्हणून.

जीवन माइक घेऊन एकेकाची पँट वाचतो. हो, वाचतोच. हा दुचाकीवर फिरतो, हिच्या खिशात चाव्या असतात. खामगावचा एक वेल्डर होता, त्याच्या पँटवर ठिणग्यांची बारीक भोकं, आभाळात चांदण्या असाव्यात तशी. मग माझी पाळी.

"मावशी वलगावच्या वावरात काम करतात. ही कमरेची घासलेली जागा विळ्याची. मागच्या खिशात सुतळीचा गुंडा. हे हिरवे डाग झेंडूच्या पाल्याचे. उजवा गुडघा पाहा, पांढरा पडला, फाटाले आला. आणि डावा..." तो खाली वाकला. "डावा तर कोराच आहे. काहो मावशी, डावा पाय सुट्टीवर होता का?"

हॉल हसला. हर्षा हसली नाही. मला पहिल्यांदा समजलं — सहा महिने मी तोंड बंद ठेवलं आणि पँट रोज सांगत होती.

अकोला जिंकलं. वेल्डरमुळे खामगाव दुसरं. अमरावती तिसरं, पण पाचही जण उभे होते. निकाल बरोबर आहे.

परतीच्या एसटीत बडनेरा आलं. हर्षा म्हणाली, "नोव्हेंबरपासून माहीत आहे मले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुले पाच पुरे करायचे होते न. झाले आता. मंगळवारी डॉक्टरकडे."

"गोपाल..."

"बाबाले मी सांगते. वावर ठेक्यानं जात नाही. माझं ऑफिस दहाला असते. त्याआधी मी जाईन."

"तुला निंदता येत नाही."

"शिकव."

२७ जानेवारी

डॉक्टरांनी तारीख दिली. माणिकबाईला घरी जाऊन सांगितलं, आणि त्या दिवशीचं बोलणं मागे घेतलं. म्हणाली, "मी कुठं थांबली होती यायची?"

सोमवार, ९ फेब्रुवारी. दवाखाना.

ऑपरेशन उद्या सकाळी. आज हर्षाच्या हवाली केलं, खाली तिची सही घेऊन :

वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली.

विळा, सुतळी.

फुलबाजारातल्या अडत्याचा नंबर.

तिची जुलैतली चिठ्ठी. सुईदोऱ्याच्या डब्यातून काढून आणली होती.

बूट, पांढरे, एक जोड. घडी पडलेले.

जीन्स, निळी, एक.

नर्सनं पँट चिमटीत उचलली, नाक मुरडलं. म्हणाली, "फारच मळली हो. धुवायला देऊ का?"

माझ्या आधी हर्षा बोलली.